शिकून राहिली

संत्र्याच्या सालीचा वास आला की माझा राग ताजा होतो. इतरांच्या मनात हा वास बाजार, हिवाळा, उन्हातले अंगण असे काही सुखाचे जागे करीत असेल. माझ्या मनात तो एका निर्णयाविरुद्धचे अपील जागे करतो, आणि ते ऐकणारे कोणी आता शिल्लक नाही.

यंदाही आंबिया बहराच्या संत्र्यांची तोड सुरू झाली आहे. पांढुर्ण्याहून भरलेल्या गाड्या नागपूरकडे निघाल्या आहेत. वाटेत त्या राज्याची सीमा ओलांडतात आणि ओलांडताना संत्र्याला काहीही होत नाही. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर फळ माणसाहून सुखी आहे. आमच्या शिवारातले संत्रे जगभर 'नागपुरी' म्हणून विकले जाते, आणि त्याच्या मूळ गावाबद्दल आजवर एकाही कचेरीने हरकत घेतलेली नाही. माझ्या बहिणीबद्दल घेतली.

परवा माझी नात रेवा सुटीत आली. दूरच्या एका शहरात ती बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करीत आहे. व्याख्येवाचून पुढे जाण्याची मला सवय नसल्याने मी तिला विषयाची व्याख्या विचारली. ती संत्रे सोलता सोलता म्हणाली, "आबाजी, शरीर जे बोलतं ते यंत्राला ऐकू यावं, आणि यंत्रानं ते डॉक्टरला नीट सांगावं. एवढंच."

"म्हणजे दुभाष्याचं काम."

"हो, दुभाष्याचंच. पण अचूक दुभाष्याचं. जरा चुकलं की चांगल्या माणसाला आजारी ठरवतं."

ती सहज बोलली. माझ्या हातातली फोड मात्र हातातच राहिली. अचूक दुभाष्या आमच्या घराला आयुष्यात एकदाच हवा होता.

ते छप्पन्न साल होते. माझी धाकटी बहीण कुसुम नागपूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि दिवाळीच्या सुटीत पांढुर्ण्याला आली होती. मी नुकताच वकिलीत पडलो होतो. नाना, म्हणजे आमचे वडील, कापडाचे दुकान चालवीत. दुकानात बॅटरीवर चालणारा एक रेडिओ होता. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बाजारात लागल्या की शेतकरी कापड घ्यायला येत, आणि कापड न घेता रेडिओ ऐकून जात.

त्या सुटीत कुसुमने बंद पडलेल्या ग्रामोफोनचा सुई बसवायचा भाग काढला, त्यावर चामड्याची चकती ताणून बांधली, त्याच्या तारा रेडिओच्या पाठीमागच्या भोकांत घातल्या आणि ती चकती नानांच्या छातीला लावली. आधी खरखर झाली. मग दुकानभर एक आवाज घुमू लागला. कोणी दूरवर ओल्या जमिनीवर मुसळ टाकावे तसा: धप्‌-धप्‌, धप्‌-धप्‌. गिऱ्हाईक उठून उभे राहिले. शेजारचे किराणावाले लक्ष्मणराव तराजू टाकून धावत आले.

"काय होय जी हे? इंजिन आलं काय दुकानात?"

"नानाचं काळीज हाय, काका," कुसुम म्हणाली.

"असं? मंग थांब बाई. मी विचारतो तसं विचार त्याले: नाना, हे लुगडं खरंच पक्क्या रंगाचं हाय काय?"

प्रश्नाबरोबर आवाज खरोखरच जलद झाला, किंवा सर्वांना तसा वाटला. हसण्याचा असा गदारोळ त्या दुकानात पुन्हा झाला नाही. नाना स्वतः लाजून लाल झाले होते. "बंद कर व माय," ते म्हणत होते, "सारा बाजार माह्या मनातलं ऐकून राहिला."

नागपूरच्या इस्पितळात तिने हृदयाची वीज कागदाच्या पट्टीवर उमटवणारे यंत्र पाहिले होते. ते पाहून आल्यापासून तिला स्वस्थता नव्हती. ते यंत्र विलायतेतून येते, बिघडले की विलायतेलाच जाते, आणि ते परत येईपर्यंत रोगी वाट पाहतो किंवा पाहत नाही. हे आपल्याकडे का होऊ नये, एवढाच तिचा प्रश्न होता. या विद्येला आज जे नाव आहे ते त्या वेळी आमच्यापर्यंत पोचले नव्हते; इच्छा मात्र पोचली होती. दक्षिणेतल्या एका संस्थेने वैद्यकीय उपकरणांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले होते आणि प्रत्येक राज्याकडून एक विद्यार्थी मागवला होता. अट एकच होती: विद्यार्थी त्या राज्याचा रहिवासी असला पाहिजे. कुसुमने अर्ज केला. तिच्या प्राध्यापकांनी तिच्यासाठी इतके जोरदार शिफारसपत्र लिहिले की ते वाचून नानांनी दुकानातला सर्वांत चांगला रेशमी कपडा तिच्यासाठी बाजूला काढून ठेवला. तिथे जाताना नेसायला.

आणि त्याच दिवाळीत त्याच रेडिओवरून आम्हाला कळवण्यात आले की आमचे राज्य बदलले आहे.

आम्ही कुठेही गेलो नव्हतो. जाम नदी होती तिथेच होती. नदीपलीकडच्या सावरगावाशी आमची गोटमार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, वर्षातून एक दिवस दगड मारायचे आणि उरलेल्या दिवसांत सोयरिकी जुळवायच्या. पण दगड मारतानासुद्धा पांढुर्ण्याच्या माणसाने सावरगावच्या माणसाला कधी परका म्हटले नाही. आता मात्र रेल्वेने दोन स्टेशने पलीकडे गेले की परराज्य लागणार होते. नागपूर, आमच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी, जिथे आमची कॉलेजे होती, इस्पितळे होती, बाजार होता, ते मुंबई राज्यात गेले. ज्या उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याचे मी मनाशी ठरवले होते, तेही आमच्यापुरते नागपुरातून उठून जबलपूरला गेले. पांढुर्णा, सौसर, रामाकोना, बोरगाव ही मराठी बोलणारी गावे मध्य प्रदेशात राहिली. 'राहिली' हे क्रियापद मी येथे पूर्ण जाणिवेने वापरीत आहे.

सत्तेचाळीस साली शाळेच्या पटांगणात गुरुजींनी विचारले होते, आता तुम्हाला कोणी विचारले की तुम्ही कुठले, तर काय सांगाल? कुसुम तेव्हा लहान होती. सर्वांत मोठ्याने 'भारताचे!' हे उत्तर तिने दिले होते. ते उत्तर इतक्या लवकर अपुरे पडेल असे गुरुजींनाही वाटले नसावे.

रहिवासाची चौकशी लागली. कोणत्या कचेरीत, ते मी लिहीत नाही. ज्यांना आता उत्तर देता येत नाही त्यांचे नाव घेऊन आरोप करणे मला मान्य नाही. साहेब हिंदी बोलणारे होते आणि त्यांना मराठी कळत नव्हते. म्हणून दुभाष्या म्हणून एक तरुण कारकून होता. तोही नव्या राज्याबरोबर आमच्याकडे आलेला, ग्वाल्हेरकडच्या जुन्या मराठी घराण्यातला. त्याची मराठी पुस्तकात छापावी अशी होती. मुलगी सहामाही परीक्षेमुळे येऊ शकत नसल्याने जबानी वडिलांची व्हायची होती. मी अर्जदाराचा भाऊ आणि वकीलही, म्हणून मला आत मनाई झाली. मी व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो. कोणीतरी तिथे संत्री खाऊन साली टाकल्या होत्या आणि उन्हात त्यांचा तो तीव्र वास सुटला होता.

आतून दुभाष्याचा आवाज आला. "आपली कन्या सध्या कोठे असते?"

"कुसुम? नागपूरले शिकून राहिली जी."

"केव्हापासून?"

"तीन साल झाले, शिकून राहिली."

"आणि येथे येणे-जाणे?"

"येते ना. सुटीत येते, मंग जाते."

मी प्रत्येक शब्द ऐकला. मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. उलट नानांनी थोडक्यात आणि खरे सांगितले म्हणून मी समाधानाने पायाखालची साल बाजूला सारली. वावगे वाटणार तरी कसे? आमच्या मुलखात माणूस जेवत नाही, जेवून राहतो. झोपत नाही, झोपून राहतो. पाऊस येत नाही, येऊन राहतो. जे आत्ता चालू आहे, अजून संपलेले नाही, ते सांगण्याची आमची हीच रीत आहे.

दुभाष्याने साहेबांसाठी हिंदीत लिहिले: "वह नागपुर में पढ़कर वहीं रह गई है। छुट्टियों में यहाँ आती है।"

लिहिलेले नानांपुढे ठेवले गेले. नानांना बाळबोध लिपी येत होती, हिंदीही दुकानापुरती येत होती. त्यांनी बोट ठेवून वाचले. 'रह गई' म्हणजे 'राहिली'. "हाव, बरोबर हाय," ते म्हणाले, आणि खाली सही केली.

तेव्हापासून मी अनेक खोट्या साक्षी पाहिल्या. खोटे पकडता येते. त्याला कुठेतरी शिवण असते. पण त्या खोलीत सर्वजण खरे बोलत होते. नाना खरे बोलले, दुभाष्याने त्याला समजले ते खरे लिहिले, नानांनी ते खरे म्हणून मान्य केले. आणि त्या सर्व खरेपणातून, नागपूरच्या वसतिगृहात दिव्याखाली अभ्यास करणारी एक मुलगी, परीक्षा देत असतानाच, परराज्यात स्थायिक झाली.

चौकशीचा निष्कर्ष हाती आला तेव्हा मी नानांना घेऊन त्या कारकुनाकडे गेलो. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. हे मी सांगितले पाहिजे, कारण मला त्याच्याशी भांडायचे होते आणि खुर्चीवर बसून ते नीट जमले नाही.

"अहो, पण 'शिकून राहिली' म्हणजे शिकली आणि राहिली, असेच ना?"

"तुमच्याकडे 'शिकत आहे' म्हणतात?" मी विचारले.

"अर्थात."

"आमच्याकडे 'शिकून राहिली' म्हणतात. अर्थ तोच."

तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मग एखादी मुलगी शिकून खरोखरच तिथे राहिली, तर तुम्ही काय म्हणता?"

नाना पुढे झाले. "तर मंग 'तिथंच राहून राहिली' म्हनतो जी."

त्या माणसाला हसू आले, आणि लगेच ते गेले. त्याच्या लक्षात आले होते. "कागद वर गेला," तो हळू म्हणाला. "साहेबांची बदली झाली. मी दुरुस्तीची टिपणी लिहितो. पण सही कोणाची घ्यायची, हे मलाच कोणी सांगितलेले नाही."

त्याने टिपणी लिहिली. मी लिहिली पत्रे. खालच्या कचेरीला, वरच्या कचेरीला, त्याहून वरच्या कचेरीला. राहणे या क्रियापदाचे अर्थ मी सोदाहरण मांडले. माणूस घरात राहतो, काम करायचे राहते, दुखणे अंगात राहते, आणि वऱ्हाडापासून सौसरपर्यंत हेच क्रियापद दुसऱ्या क्रियापदाच्या खांद्यावर हात ठेवून चालत राहते. साक्षीदाराच्या शब्दांचा अर्थ साक्षीदाराच्या बोलीप्रमाणे लावला पाहिजे, ही माझी मागणी होती. मला आलेल्या उत्तरांपैकी एक अजून तोंडपाठ आहे. त्यात म्हटले होते की व्याकरणविषयक प्रश्न या कार्यालयाच्या कक्षेत येत नाहीत. मग कोणाच्या येतात? मी उलट टपाली विचारले. कोणीच कळवले नाही. पलीकडच्या राज्याकडेही लिहिले: तुमच्या शेजाऱ्यांच्या मते ही मुलगी तुमची आहे, तेव्हा तुमची जागा तिला द्या. त्यांनी तत्परतेने कळवले की अर्जदाराचे मूळ गाव आमच्या हद्दीबाहेर आहे. या बाबतीत ते अचूक होते.

त्या हिवाळ्यात मी बागेत स्वस्थ उभा राहू शकत नव्हतो. तोडणारे झाडांवर, खाली पेट्यांना गवत लावणाऱ्या बाया, उन्हात केशरी ढीग, आणि मी त्यांच्यामधून येरझारा घालीत मनात मसुदे रचीत असे. परीक्षा संपवून कुसुम आली होती. एका ढिगाशी बसून तिने मला थांबवले.

"दादा, तू कायदा शिकला. मले सांग, मी आता कुठची?"

"पांढुर्ण्याची. दुसरी कुठची असणार?"

"ते मले माहीत हाय रे. कागदावर कुठची?"

मी कलमे सांगू लागलो. तिने एक संत्रे सोलून अर्धे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "खा. तू बोलून राहिला की मले आणखीच परदेशात गेल्यासारखं वाटते."

शेवटी झाले ते असे: त्या वर्षी आमच्या राज्याकडून कोणीच गेले नाही. दुसरा योग्य अर्जदार नव्हता. जागा रिकामी राहिली. दुसऱ्या कोणाला ती मिळाली असती तर मी कधीतरी शांत झालो असतो, असे मला वाटते. माणसाशी स्पर्धा हरता येते. रिकाम्या खुर्चीशी कसे हरायचे, हे मला कोणत्याही न्यायशास्त्राने शिकवले नाही.

पुढे दुरुस्ती मंजूर झाली. संबंधित मुलगी नागपूर येथे शिकत असल्याचे शासनाने मान्य केले. ते मान्य झाले तेव्हा ती शिकत नव्हती. सौसरच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होती. तिथल्याच एका शिक्षकाशी तिचे लग्न ठरले होते. नानांनी बाजूला ठेवलेला रेशमी कपडा तिने लग्नात नेसला. तो तिला शोभला. मला पाहवला नाही.

तिने राग केला नाही. म्हणून तिच्या वाटचाही मीच करीत आलो. आणि नानांनी जे केले ते तर कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्यांनी आपली बोली सोडली. एक दिवस लक्ष्मणरावांनी दुकानातून हाक दिली, "नाना, काय करून राहिले?" आणि नानांनी सावकाश, शब्द तपासून उत्तर दिले, "मी कापड मोजत आहे."

बाजार हसून लोळला. "नाना पुण्याले जाऊन आले काय जी?" "अहो नानासाहेब, चहा घेऊन राहिले का घेत आहात?" नाना उत्तर देत, "घेत आहे." गिऱ्हाइकाशीही तसेच, बैलवाल्याशीही तसेच. चुकले की वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणत. आयुष्यभर ज्या भाषेत घासाघीस केली, मुलांना दटावले, देवाला बोलावले, ती भाषा या माणसाने एका सहीनंतर खाली ठेवली. म्हातारपणी ते अंथरुणाला लागले तेव्हा कुसुम त्यांच्या उशाशी बसून म्हणाली, "नाना, आता घरात तरी आपलं बोला ना."

"नको बाई," नाना म्हणाले. "कोन लिहून घेऊन राहि..." ते अडखळले, आणि त्यांनी वाक्य सुधारले. "कोण लिहून घेत आहे, सांगता येत नाही."

लोक मला म्हणतात, अहो, किती जुनी गोष्ट. आता तुमचा जिल्हासुद्धा नवा झाला. झाला. पांढुर्णा आता जिल्ह्याचे गाव आहे आणि पुन्हा एकदा आम्ही जागचे न हलता दुसरीकडे गेलो आहोत. रेषा ओढणाऱ्यांवर माझा राग नाही. कुठेतरी ती ओढावी लागते. माझी हरकत एवढीच आहे की रेषा जमिनीवर ओढतात आणि ती वाक्यातून जाते. जमिनीची नुकसानभरपाई ठरवण्याची रीत तरी आहे. राहून राहून हे मनात येते. पाहा, इथेही तेच क्रियापद. अस्वस्थपणाला दुसरा शब्द मराठीने मला दिलेला नाही.

काल रेवाला घेऊन सौसरला गेलो. कुसुमचे वय झाले आहे, दृष्टी अधू झाली आहे, पण पाठ ताठ आहे. रेवाच्या प्रबंधासाठी वृद्ध माणसांच्या हृदयाचे आवाज हवे आहेत. बटणाएवढी एक चकती तिने कुसुमच्या छातीला चिकटवली आणि मोबाईल मधल्या टेबलावर ठेवला. कुसुमने चकती बोटांनी चाचपली. "चामडं नाही लावलं?" तिने विचारले. रेवा हसली. तिला दुकानातल्या रेडिओची गोष्ट माहीत आहे. जबानीची मी कधी सांगितलेली नाही. तिच्या अभ्यासावर माझ्या रागाची सावली नको होती.

"कुसुमआजी, आधी तुमचं नाव सांगा, कुठे राहता ते सांगा, आणि काय करता ते. बोलण्याचा आवाज आणि छातीचा आवाज यंत्राला वेगळे करता आले पाहिजेत."

"माहं नाव कुसुम. राहनार सौसर."

"आणि काय करता? रिटायर्ड म्हणा."

कुसुमने माझ्या दिशेने मान वळवली. तिला मी नीट दिसत नसणार. पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात दुकानभर नानांचे काळीज ऐकवणारी ती मुलगी होती.

"शिकून राहिली," ती म्हणाली.

मी पुढे सरसावलो. साऱ्या आयुष्याचे युक्तिवाद एकदम घशाशी आले: हे वाक्य असे घ्यायचे, याचा अर्थ असा लावायचा, याला पूर्वीचा दाखला असा आहे. रेवाने माझ्याकडे न पाहताच हात वर केला.

"कळलं मला, आबाजी. तुम्ही बोलू नका, तुमचा आवाज त्यात जाऊन राहिला."

तिला कळले होते. ती या गावांची मुलगी. तिला दुभाष्या लागला नाही. मोबाईलमधून आवाज येऊ लागला, खरखर नसलेला, स्वच्छ. मधूनच एक ठोका थोडा थांबून येई, विचार करून आल्यासारखा, आणि पुढचा त्याला गाठी. अंगणात कोणी संत्रे सोलले असावे. वास आला. राग आला, नेहमीसारखा, आणि यंत्राला शांतता हवी होती.

मी गप्प बसून राहिलो. कोणत्या अर्थाने, ते ज्याला लिहून घ्यायचे त्याने घ्यावे.